एव्हरग्लेड्सचे शेवाळ आणि फॉस्फरसचा आकडा: शेतातून निचरलेल्या पाण्याचे एक प्रकरण

फ्लोरिडा राज्याच्या जलगुणवत्ता नियमांत पोषकद्रव्यांसाठी बरीच वर्षे आकडा नव्हता, फक्त एक वाक्य होते. पाण्यातली पोषकद्रव्ये इतकी बदलता कामा नयेत की तिथल्या वनस्पती आणि प्राण्यांच्या नैसर्गिक समूहांचा समतोल बिघडेल, असा त्याचा आशय. १९८८ मध्ये अमेरिकेच्या संघ सरकारने राज्याच्या पर्यावरण खात्यावर आणि साउथ फ्लोरिडा वॉटर मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट या तिथल्या जलव्यवस्थापन संस्थेवर दावा लावला, तेव्हा हेच वाक्य मध्यभागी आले. शेतांतून निचरलेले फॉस्फरसयुक्त पाणी एव्हरग्लेड्स या दक्षिण फ्लोरिडातल्या विस्तीर्ण पाणथळात, तिथल्या राष्ट्रीय उद्यानात आणि लॉक्साहॅची अभयारण्यात, शिरते आहे आणि त्याने तिथला समतोल बिघडतो आहे, अशी तक्रार होती.

मग प्रश्न उभा राहिला की समतोल बिघडला हे दाखवायचे कशावरून. पक्षी कमी होण्यामागे अनेक कारणे असतात. पाण्याची पातळी, शिकार, घरट्यांच्या जागा यांतून एकट्या फॉस्फरसचा वाटा वेगळा काढणे फार अवघड. गवत बदलायला वर्षे लागतात. शेवाळ मात्र आठवड्यांत बदलते, आणि कुठल्या जाती गेल्या, कुठल्या आल्या, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. पुढे जो आकडा कायद्यात बसला त्यामागच्या पुराव्यात शेवाळाचा वाटा मोठा आहे. निचऱ्याच्या पाण्याची प्रत शेवाळावरून कशी ओळखायची, आणि ती ओळखताना कुठे फसगत होते, या दोन्ही गोष्टी इतक्या स्पष्टपणे दिसतात अशी प्रकरणे मला फारशी माहीत नाहीत.

पाणी येते कुठून

ओकीचोबी सरोवराच्या दक्षिणेला सुमारे सात लाख एकरांचा एव्हरग्लेड्स कृषी विभाग आहे. १९४८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मंजूर केलेल्या पूरनियंत्रण प्रकल्पात ही जमीन बांध, कालवे आणि पंप घालून शेतीसाठी कोरडी ठेवण्यात आली. मुख्य पीक ऊस. त्याखेरीज भाजीपाला, लॉनचे गवत, थोडा भात.

जमीन पीटची आहे. हजारो वर्षे पाण्याखाली साचत गेलेल्या वनस्पतींचा काळा थर आणि खाली चुनखडक. अशा जमिनीतले पाणी काढले की तिला हवा लागते, जिवाणू पीट फस्त करू लागतात आणि जमीन खचत जाते. याच विभागातल्या बेल ग्लेडच्या संशोधन केंद्रात १९२४ मध्ये नऊ फुटांचा काँक्रीटचा खांब खालच्या चुनखडकापर्यंत रोवला होता, त्याचे डोके तेव्हाच्या जमिनीच्या बरोबर पातळीत ठेवून. आज तो सहा फुटांहून जास्त उघडा पडला आहे. एवढी माती कुठे वाहून गेली नाही, तिथल्या तिथे तिचे विघटन झाले. तिच्यात बांधलेला नायट्रोजन आणि फॉस्फरस मोकळा झाला, त्यात खतांची भर पडली, आणि पावसाळ्यात पंप सुरू झाले की हे सगळे चरांतून कालव्यांत आणि कालव्यांतून दक्षिणेच्या पाणथळात जाऊ लागले.

त्या पाणथळाला मुळात पावसाच्या पाण्याची सवय. तिथल्या पाण्यात एकूण फॉस्फरस लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असायचा. शेतांकडून येणाऱ्या पाण्यात तो शंभराच्या वर, कधी दोनशेच्या घरात. पिण्याच्या पाण्याच्या किंवा सांडपाण्याच्या हिशेबाने शंभर मायक्रोग्रॅम म्हणजे काहीच नाही. डोळ्यांना हे पाणी घाण दिसत नाही, त्याला वासही येत नाही. म्हणून पहिली काही वर्षे ‘पाणी तर चांगलेच आहे’ हा युक्तिवाद लोकांना पटत राहिला.

कालव्यातले प्लवक की पाणथळातला थर

निचऱ्याच्या पाण्याची तपासणी म्हटली की बहुतेक जण कालव्यातून बाटली भरतात, बाटलीच्या तळाशी बसलेले वनस्पती प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ) मोजतात आणि जातींची यादी करतात. एव्हरग्लेड्समध्ये तेवढ्याने काम झाले नसते. कालव्यातले प्लवक पंपांच्या तालावर जगते. पंप बंद असताना पाणी साचते, ऊन लागते आणि हिरवी तसेच नीलहरित शैवाले भराभर वाढतात. पंप सुरू झाला की सगळे वाहून जाते. एकाच ठिकाणी आठवड्याच्या अंतराने घेतलेले दोन नमुने दोन वेगवेगळ्या कालव्यांचे वाटावेत इतका फरक पडतो. अशा नमुन्यावरून पंपाचा दिनक्रम कळतो, पाण्याची प्रत त्यामानाने कमी.

त्या प्लवकाचा एक उपयोग मात्र झाला, तोही अनपेक्षित बाजूने. शेतांच्या चरांत प्लवक आणि तरंगते तण विरघळलेला फॉस्फरस शोषून घेतात, मरून तळाशी बसतात आणि त्यांचा एक हलका, फॉस्फरसने भरलेला गाळ तयार होतो. पंप जोराने चालवला की हा गाळ उठतो आणि पाण्याबरोबर बाहेर पडतो. म्हणजे चरातले प्लवक पाण्याची स्थिती दाखवते आणि त्याच वेळी फॉस्फरसची वाहतूकही करते. हे उलगडल्यावर शेतकऱ्यांना देता येण्याजोग्या सूचना निघाल्या: पाऊस पडला की लगेच पंप सुरू करू नका, पाणी थोडे थांबू द्या, पंप हळू चालवा, तण पंपाच्या तोंडापाशी जमू देऊ नका, चरांतला गाळ वेळच्या वेळी काढा. कृषी विभागावर फॉस्फरसचा भार किमान २५ टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन घातले होते. दीर्घकाळाची सरासरी घट त्याच्या दुपटीहून जास्त निघाली. शेतकऱ्यांना दोष देण्यापुरते हे प्रकरण सांगितले जाते तेव्हा हा भाग गाळला जातो, आणि ते मला अन्यायाचे वाटते.

पाणथळाच्या प्रकृतीची खरी नोंद दुसरीकडे होती. उथळ, स्वच्छ, चुनखडीच्या पाण्यात खोडांभोवती, तळावर आणि पाण्याच्या पृष्ठभागावर शेवाळ, जिवाणू आणि चुना मिळून एक जाड थर तयार होतो. त्याला पेरिफायटन म्हणतात. हा थर जागेवरून हलत नाही. वरून जाणाऱ्या पाण्यात महिनोन्महिने काय आले आणि काय गेले, ते त्याच्या घडणीत उतरते.

हा थर जवळून कसा दिसतो ते सांगतो. वरून तो पिवळट तपकिरी आणि ओबडधोबड असतो, हातात घेतला तर पाणी भरलेल्या स्पंजासारखा जड लागतो. आत हिरवट पट्टे दिसतात. बोटांत चोळला की बारीक रेतीसारखे काही लागते. तो कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाचा थेंब टाकला की फेस येतो. सायटोनेमा आणि शिझोथ्रिक्स या नीलहरित शैवालांच्या तंतूंभोवती हा चुना बसतो, आणि त्या जाळ्यात डायटम, म्हणजे सिलिकाचे कवच असलेली एकपेशी शेवाळे, राहतात. दिवसा प्रकाशसंश्लेषणाने पाण्यातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, पाणी अल्कधर्मी होते, चुना पाण्यातून वेगळा होऊन साचतो आणि साचताना थोडा फॉस्फरसही स्वतःबरोबर बांधून घेतो. हा थर स्वतःच पाण्यातला फॉस्फरस कमी ठेवतो, आणि फॉस्फरस कमी असतो म्हणूनच तो टिकतो. असा फेरा एकदा तुटला की घसरण वेगाने होते.

थरातले डायटम ओळखायचे तर आम्लाने चुना आणि सेंद्रिय भाग काढून टाकावा लागतो. मग मागे उरतात सिलिकाची कवचे, आणि त्यांवरच्या रेघा मोजून जात ठरवता येते. काम किचकट आहे. पण कवच लवकर झिजत नाही आणि त्याची काचपट्टी जपून ठेवता येते; वीस वर्षांनी दुसऱ्या माणसाला तीच पट्टी पुन्हा पाहता येते. वादात अडकलेल्या विषयात याचे मोल फार.

दारापासून आतवर

जलसंधारण क्षेत्र २-ए या एव्हरग्लेड्सच्या बांधांनी वेढलेल्या भागात हिल्सबरो कालव्याचे पाणी १९६० च्या दशकापासून उत्तरेकडच्या दरवाजांतून येते. दरवाजापासून आत जावे तसतसा फॉस्फरस कमी होत जातो, कारण वाटेतल्या वनस्पती, शेवाळ आणि माती तो शोषत राहतात. एका रेषेत नमुने घेत गेले की एकाच पाणथळात फॉस्फरसची उतरंड मिळते. पाण्याची खोली, ऊन, पाऊस जवळपास सारखे. बदलतो तो मुख्यत्वे फॉस्फरस.

दरवाजाजवळ चुन्याचा थर नाहीच. तिथे स्पायरोगायरासारखी तंतुमय हिरवी शेवाळे, आणि डायटममध्ये निट्झिया अँफिबिया, गोम्फोनेमा पार्व्हुलम अशा भरपूर खाद्य लागणाऱ्या जाती. सॉग्रास या मूळच्या गवताच्या जागी पाणकणसाची दाट भिंत. तिच्या सावलीत शेवाळाला ऊन मिळत नाही, पाण्यातला ऑक्सिजन खाली येतो. आत, दूरवर, पुन्हा मोकळे पाणी, युट्रिक्युलॅरिया या कीटकभक्षी पाणवनस्पतीच्या आधाराने तरंगणारे चुन्याचे थर, आणि मास्टोग्लोइया स्मिथी, एन्सायोनेमा एव्हरग्लेडियानम हे डायटम.

यांच्या मधल्या पट्ट्यातली नोंद निर्णायक ठरली. पाणकणीस जिथपर्यंत पोहोचले होते त्याच्या पुढे, जिथे सॉग्रास अजून शाबूत होते आणि पाहणाऱ्याला काही बिघडल्यासारखे वाटले नसते, तिथे शेवाळाचा समूह बदललेला होता. अल्कलाइन फॉस्फटेज या विकराचीही (एन्झाइमचीही) अशीच साक्ष मिळाली. फॉस्फरसची टंचाई असली की शेवाळ हे विकर तयार करून सेंद्रिय संयुगांतून फॉस्फेट तोडून घेते. फॉस्फेट आयते मिळू लागले की विकराचे काम मंदावते. ते मंदावले म्हणजे टंचाई संपली. गवत अजून उभे असताना हे समजत होते.

उतरंडीच्या पुराव्यावर एक रास्त आक्षेप होता. दरवाजाजवळ फक्त फॉस्फरसच जास्त नव्हता. क्षार, सल्फेट, पाण्याचा जोर हेही जास्त होते. शेवाळ फॉस्फरसमुळेच बदलले कशावरून?

पाच मायक्रोग्रॅमचा प्रयोग

याचे उत्तर मिळाले ते एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानातल्या प्रयोगातून. फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी, ज्यांत एव्हलिन गायझर यांचे शेवाळावरचे काम ठळक आहे, स्वच्छ पाणथळात शंभर मीटर लांबीच्या वाटा आखल्या आणि १९९८ पासून त्यांत फॉस्फरस सोडला. एका वाटेत काहीच नाही, बाकीच्यांत नैसर्गिक प्रमाणापेक्षा लिटरमागे ५, १५ आणि ३० मायक्रोग्रॅम जास्त. बाकी पाणी तेच, त्यामुळे क्षारांचा आणि सल्फेटचा आक्षेप उरला नाही.

सर्वाधिक फॉस्फरसच्या वाटेत चुन्याचा थर सर्वांत आधी तुटून नाहीसा झाला, मग मधल्या वाटेत, आणि काही वर्षांत पाच मायक्रोग्रॅमच्या वाटेतही. डोस कमी केल्याने परिणाम टळला नाही, उशिरा आला.

दुसरा निष्कर्ष मला त्याहून मोठा वाटतो. फॉस्फरस सोडणे चालू असतानाही वाटेतल्या पाण्यात तो वाढलेला दिसेना. शेवाळाचा थर येईल तो फॉस्फरस उचलत होता. पाण्याची बाटली प्रयोगशाळेत पाठवली असती तर अहवाल ‘सर्व ठीक’ आला असता, आणि त्याच वेळी थरातला फॉस्फरस चढत होता. स्वच्छ भागातल्या थरात तो कोरड्या वजनाच्या ग्रॅममागे दोनशे मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा कमी असतो. तो वाढत गेला, जाती बदलल्या, थर तुटला, आणि मग फॉस्फरस वाटेच्या पुढच्या भागात सरकला. बिघाडाची आघाडी अशी मीटरामीटराने पुढे गेली. संथ, कमी फॉस्फरसच्या पाणथळात सुरुवातीचे प्रदूषण पकडायचे तर थरातला फॉस्फरस मोजा, पाण्यातला नव्हे, असे या गटाने स्पष्टपणे मांडले.

दोन्ही प्रकारच्या पुराव्यांवर, आणि पाण्यातले छोटे जीव, ऑक्सिजन, गवत यांच्या नोंदी जोडून, २००३ मध्ये राज्याने लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली. १९९४ च्या एव्हरग्लेड्स फॉरेव्हर कायद्यात राज्याने वेगळा आकडा ठरवला नाही तर लागू व्हायचा म्हणून हाच आकडा आधीच लिहिलेला होता. अनुपालन एका नमुन्यावर ठरत नाही: सर्व केंद्रांची पाच वर्षांची भूमितीय सरासरी १० च्या आत, पाचांपैकी तीन वर्षे वार्षिक सरासरी १० च्या आत, कुठल्याही एका वर्षी सर्व केंद्रांची सरासरी ११ च्या वर नको, आणि एकट्या केंद्राची १५ च्या वर नको.

एकच खूण, दोन अर्थ

एका पाणथळातली खूण दुसऱ्या पाणथळात उचलून नेता येत नाही, हे याच प्रकरणात दिसते. लॉक्साहॅची अभयारण्याचा आतला भाग जवळजवळ पूर्ण पावसाच्या पाण्यावर आहे. पाणी मऊ, किंचित आम्लधर्मी, विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) सेंटिमीटरमागे शंभर मायक्रोसीमेन्सच्या आसपास. तिथे चुन्याचा थर मुळात नसतोच. तिथली ओळख म्हणजे डेस्मिड, मऊ पाण्यात राहणारी, मधोमध चिमटलेल्या सुंदर पेशींची हिरवी शैवाले. कालव्याच्या पाण्याची वाहकता त्याच्या कित्येक पट. ते पाणी कडेने आत शिरले की डेस्मिड कमी होतात आणि कठीण पाण्यातल्या जाती येतात, फॉस्फरस फारसा वाढलेला नसला तरीही.

म्हणजे दक्षिणेकडे चुन्याचा थर दिसला तर पाणी निरोगी. अभयारण्याच्या आतल्या भागात त्याच थराच्या जाती दिसल्या तर निचऱ्याचे पाणी तिथपर्यंत पोहोचले. ज्याला दोन्ही जागांची मूळ स्थिती माहीत नाही तो नेमका उलटा निष्कर्ष काढेल.

तयार निर्देशांकांबद्दल माझा आक्षेपही इथेच आहे. पामर यांनी १९६९ मध्ये केलेली शैवालांची गुणयादी आजही सर्रास वापरली जाते. नमुन्यात सापडलेल्या प्रजातींचे (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) गुण मिळवायचे. बेरीज २० किंवा जास्त आली तर सेंद्रिय प्रदूषण नक्की. सांडपाण्यासाठी ती केली आहे आणि तिथे ती कामाची आहे. पण तिचा प्रश्न सेंद्रिय प्रदूषणाचा आहे. दहा आणि वीस मायक्रोग्रॅम फॉस्फरसमधला फरक तिला विचारलेलाच नाही, आणि एव्हरग्लेड्सचे भवितव्य त्या फरकावर अवलंबून होते. शिवाय ती यादी बहुधा प्रजातीच्या पातळीवर वापरली जाते. इथे निवाडा जातीच्या पातळीवर झाला. शेतीच्या निचऱ्यावर काम करणाऱ्याने आधी त्या भागातले न बिघडलेले पाणी शोधावे, त्यातल्या जाती नोंदवाव्यात आणि मग तुलना करावी. वेळ जातो, पण दुसरा खात्रीचा मार्ग मला दिसत नाही.

शेवाळ जे सांगत नाही

एव्हरग्लेड्सच्या माशांत पारा आढळला आणि १९८९ मध्ये मासे खाण्याबाबत सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. पारा मुख्यत्वे हवेतून येतो, पण त्याचे विषारी मिथाइल पाऱ्यात रूपांतर करणारे जिवाणू सल्फेटवर जगतात, आणि निचऱ्याच्या पाण्यात सल्फेट भरपूर आहे. शेवाळाच्या जातींची यादी कितीही काळजीपूर्वक केली तरी ही गोष्ट तिच्यात दिसली नसती. सुंदर चुन्याचा थर आणि पारा भरलेला मासा एकाच पाण्यात असू शकतात. तणनाशकांचे अंश, जड धातू यांसाठी वेगळी तपासणी लागतेच. शेवाळ पोषकद्रव्ये, क्षार, कठीणपणा आणि उजेड यांविषयी उत्तम बोलते. त्यापलीकडे त्याच्याकडून साक्ष काढायला गेलो तर चूक होईल.

पुढे काय झाले

निचऱ्याचे पाणी पाणथळात सोडण्याआधी ते वनस्पतींनी भरलेल्या कृत्रिम तळ्यांतून फिरवायचे असे ठरले. पहिले प्रायोगिक तळे १९९४ मध्ये सुरू झाले. पुढे त्यांचे क्षेत्र सुमारे ५७ हजार एकरांवर गेले. तरी दहाचा आकडा गाठणे अवघड राहिले. २०१२ मध्ये ८८ कोटी डॉलरची पुढची योजना झाली आणि तळ्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी मर्यादा ठरली: प्रवाहभारित (जास्त पाणी वाहते तेव्हाच्या मोजणीला जास्त वजन देणारी) वार्षिक सरासरी लिटरमागे १३ मायक्रोग्रॅमच्या वर पाचांपैकी तीनपेक्षा जास्त वर्षे जाऊ नये, आणि १९ च्या वर एकदाही नाही.

याच काळात पेरिफायटनलाच कामाला लावून पाहिले. एका तळ्याचा शंभर एकरांचा भाग पीट खरवडून खालच्या चुनखडकापर्यंत नेला आणि त्यावर शेवाळ वाढू दिले. आधीच बऱ्यापैकी स्वच्छ झालेले पाणी तिथून दहाच्या आसपास बाहेर येते. एवढ्या मोठ्या क्षेत्रावर पीट खरवडणे परवडणारे नाही, म्हणून हा उपाय मर्यादित राहिला. पण जे शेवाळ समतोल बिघडल्याची खूण म्हणून मोजले जात होते, तेच शेवटच्या काही मायक्रोग्रॅमसाठी सर्वांत कामाचे निघाले.

दरवाजाजवळच्या जुन्या पट्ट्यांचा प्रश्न वेगळा आहे. वरच्या १० सेंटिमीटर मातीत किलोमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त फॉस्फरस असेल तर नियम त्या भागाला बाधित मानतो आणि त्याचा हिशेब स्वतंत्र ठेवतो. तिथे आता स्वच्छ पाणी सोडले तरी माती साठवलेला फॉस्फरस वर्षानुवर्षे परत देत राहते. दरवाजावरची बाटली मर्यादेत असेल आणि काही अंतरावरच्या काचपट्टीवर निट्झिया अँफिबिया दिसत राहील. म्हणून आकडा गाठला गेल्यावर खर्च वाचवण्यासाठी शेवाळाचे नमुने बंद करण्याचा विचार जिथे होईल, तिथे निदान बाधित पट्ट्याच्या पुढच्या कडेवरचे नमुने तरी चालू ठेवायला हवेत. आघाडी थांबली आहे की अजून सरकते आहे, हे तिथेच कळेल.